लेकीच्या दारचं पाणी

फाल्गुनात आबा सोनगीरहून धुळ्याला आमच्याकडे आले, ते दारातूनच ओरडत. "पानी आन वं माय, आधी पानी! मंग बठ्ठं बोलनं." बसायच्या आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं, मिशा पुसायच्या आणि विहिरीकडे बोट करून नातवंडांना विचारायचं, "हीरमा काही उरनं का रे?" दर खेपेला तोच विनोद, आणि दर खेपेला पोरं हसून लोळायची. त्या दिवशी मात्र तांब्या अर्धा राहिला. मी म्हटलं, "आबा, हे काय?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेले पिसू." पुढची खेप कसली... चैत्रात सोनगीरचा गाडीवान निरोप घेऊन आला. त्यानं डोक्याचं पागोटं काढलं, आणि तो तोंड उघडायच्या आत मला कळलं, माझे वडील गेले.

भेटायला येणारे आबांच्या गमती सांगून हसतात आणि मग ओशाळतात. अहो, हसा की! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मिशांसकट पोरींच्या झोक्यावर चढून बारीक आवाजात गाणी म्हणणारा माणूस तो. आईचा पदर डोक्यावर घेऊन शेजारणीची चाल करून दाखवायचे, तर शेजारीणच पोट धरून खाली बसायची. आई म्हणायची, "यांना रडता येत नाही. देव ते द्यायचंच विसरला." पण मला सांगायचाय तो वेगळाच दिवस. त्या दिवशी आबा सकाळपासून विनोद करत होते आणि आमच्या घरात कुणी म्हणून हसत नव्हतं.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आमचे हे जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, आणि मी इथं धुळ्यात सासू-सासऱ्यांजवळ. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. आता पुन्हा पाचवा महिना, आणि अंगात हिवताप मुरलेला. आखाजीला लेकी माहेरी जातात, म्हणून माझा भाऊ न्यायला आला, तर सासूबाईंनी त्याला वाटेला लावलं. "वाळवणं पडलीत सगळी. मी एकटीनं करू?" दुष्ट नव्हत्या हो त्या, पण एकदा नाही म्हटलं की नाही. भावानं माझा चेहरा पाहिला होता. त्यानं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण आखाजीच्या सकाळी आबांची गाडी दारात उभी!

"इहीनबाई, लेकले लई जास," आबा हसत म्हणाले. सासूबाई नाही म्हणाल्या. आबांनी बैल सोडले आणि ओट्यावर खांबाला टेकून बसले. "बरं. मी आठेच बसस." म्हणजे इथंच, लेक गाडीत बसेपर्यंत.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. शिवेच्या आतलं कुणाचंच नाही. लगेच परतायचं म्हणून आलेले आबा, जवळची सुरई वाटेतच संपलेली. आणि वैशाखातलं धुळं! सासूबाईंनी रीत म्हणून गूळपाणी पुढं केलं, तर आबा हात जोडून म्हणाले, "नातू मांडीवर येऊ द्या, मंग तुमनी बठ्ठी हीर पी टाकसू!"

गल्लीतली पोरं जमली. आबा त्यांना कोंबड्याचा, फौजदाराचा, भटजीचा आवाज काढून दाखवू लागले. आत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. इथं माझा जीव टांगणीला लागलाय, आणि बापाला थट्टा सुचतेय! मग ऊन चढलं. आबांचा आवाज चिरकायला लागला. कोंबडा जमेना. मी दाराआड भरला तांब्या घेऊन उभी. बाप चार हातांवर बसलेला, आणि मला तो त्याच्या ओठाला लावता येईना. सासूबाई कुरडयांच्या चिकाकडे बघत राहिल्या, माझ्याकडे बघेनात. आबा, उठा ना, मी म्हणत होते मनात, मरू दे माझं माहेर, तुम्ही तेवढे जा घरी.

मामंजी, माझे सासरे, पितरांची घागर भरायला बसले. आखाजीला नव्या घागरीत पाणी घालून, वर आंबा न् सांजोऱ्या ठेवून गेलेल्यांना बोलवायचं. मी विहिरीवरून पाणी आणून देत होते. मामंजींनी तांब्या उचलला आणि तेवढ्यात ओट्यावरचा आवाज थांबला. पोरंही गप्प.

मामंजींचा हात तसाच राहिला. ते उठून बाहेर गेले. आबा डोळे मिटून खांबाला टेकले होते. ओठ फुटलेले, त्यावर रक्त, आणि त्याच ओठांवर हसू.

"दारात जिता माणूस तहानेला, आणि मी मेलेल्यांना पाणी घालू?" मामंजी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "माझा बाप तरी पिईल का ते? पोरीचं गाठोडं बांधा."

सासूबाईंनी गाठोडं बांधलं.

शिवेपलीकडे एका मळ्यात आबांनी गाडी थांबवली. मळेकऱ्यानं पोहरा ओढला आणि मी आबांच्या ओंजळीत पाणी ओतलं. प्यायले, पुन्हा प्यायले, आणि खांदे हलायला लागले. आबा रडत होते! मी घाबरून गेले.

"तुनी मायले सांगू नको," ते म्हणाले. "तिले वाटस माले रडता येत नही. तसंच ऱ्हाऊ दे."

मुलगा सोनगीरला झाला. मी त्याला घेऊन सासरी परतले, तेव्हा आबा आमच्या विहिरीवर उभे राहून स्वतः पोहरा ओढून प्यायले. पीतच राहिले, सासूबाई हसेपर्यंत.

आता पुन्हा आखाजी आली. दादानं कळवलंय, "आबांची घागर सोनगीरला मी भरणार. लेकीनं भरायची नसते." भरू दे त्याला, सुखानं भरू दे! मी कुंभारवाड्यातून माझी वेगळी आणलीये. ओट्यावर त्याच खांबाशी ठेवलीये. सासूबाईंना आता धड दिसत नाही. काल भिंतीच्या आधारानं बाहेर आल्या, हाताला घागर लागली.

"ही कुणाची गं?"

"आबांची," मी म्हटलं. मनात म्हटलं, आता बोलतीलच काहीतरी. मीही पदर खोचून तयार होते.

त्या खांबाला धरून खाली बसल्या आणि घागरीच्या काठावर हात फिरवला.

"पहिला तांब्या मला घालू दे," म्हणाल्या.