तंबूतला मूकपट आणि सोनाबाईंचा चेहरा

अपमान झाला तो सोनाबाईंचा. निपाणीत, गावाबाहेरच्या तंबूतल्या थेटरात, १९४६ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, संध्याकाळच्या पहिल्या खेळाला. हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढचं वाचून लोक "चमत्कार, चमत्कार" करत बसतील आणि मूळ गोष्ट विसरतील.

चमत्कारावर माझा काडीचा विश्वास नाही. भानामती, अंगात येणं, भगतांचे धंदे यांच्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिलीत, चिकोडीपर्यंतच्या भिंतींवर स्वतःच्या हातानं चिकटवलीत. आमच्या मंडळातली पोरं अद्भुत गोष्टींचं हे सदर थट्टेसाठी वाचतात. आता इथं माझंच नाव बघून हसतील. हसू देत.

सोनाबाई तंबाखूच्या वखारीत पानं निवडतात. तोंडभर देवीचे व्रण. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी कोल्हापुरात एका मूकपटात काम केलं होतं — नायिकेचं! तेव्हा बाईनं पडद्यावर येणं म्हणजे घरदार सोडणंच. चित्र पुरं झालं, पाठोपाठ देवी आल्या, आणि कंपनीनं दार लावून घेतलं. मुलगी इंदू त्यानंतरची. आईचा तो चेहरा तिनं कधी पाहिलेलाच नाही, घरात फोटोही नाही. "तू माझ्यावरच गेलीयास" असं सोनाबाई म्हणायच्या. इंदूला वाटायचं, आई आपली मनाची समजूत घालते.

तर तो मूकपट तंबूवाल्याला कुठूनसा मिळाला. मशीन चालवणारा बसाण्णा माझ्या ओळखीचा. त्यानं सांगितल्यावर मी दोघींना घेऊन गेलो, बायकांच्या बाजूला पुढं बसवलं.

एक सांगायला हवं. मूकपटाच्या काळात पडद्यापुढं पेटी-तबला वाजायचा, एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. आता ते काही उरलेलं नाही. त्यात बोलपटाच्या वेगानं मशीन चालवलं की जुन्या चित्रातली माणसं तुरुतुरु पळायला लागतात. नायक पळत आला आणि हशा सुरू झाला.

"आरं, ह्याच्या मागं कुत्रं लागलंय काय?"

इंदूनं तेव्हाच गुडघ्यांत डोकं घातलं. मग पडद्यावर सोनाबाई आल्या. विशीतल्या. कळशी घेऊन दारातून थेट आमच्या अंगावर चालत. नितळ चेहरा... आणि डोळे इंदूचेच. मी पाहिलं.

"अगं बोल की! दातखीळ बसली व्हय?"

"पावडर किती थापलीया रं! गिरणीतनं आली जणू."

मी उठून ओरडलो, "गप्प बसा!" तर मागून आवाज — "ए पत्रकवाल्या, खाली बस. तुझ्यापरीस हिरॉईन बरी हाय बघायला."

एवढ्यात कुणीतरी सोनाबाईंना ओळखलं. "हिरॉईन हितंच बसलीया की! आक्का, पावडर खरवडताना कातडं बी निघालं काय गं?"

सगळा तंबू हसला. जमिनीवरचे हसले तसे खुर्चीवरचेही हसले. वकील हसले. पोरांना सभ्यता शिकवणारे मास्तर हसले. सोनाबाई ताठ बसून शेवटपर्यंत पडद्याकडं बघत होत्या. इंदूनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. "अण्णा, मला लाज वाटली म्हणून मी बघितलंच न्हाय. आईला तेच लागलंय. एकदा दाखवा." बसाण्णा भला माणूस. म्हणाला, "गेट उघडायच्या आधी लावतो. गाजावाजा नको."

दिवेलागणीला मायलेकी आणि मी, असे तिघं रिकाम्या तंबूत बसलो. नायक आला, पळाला. दार उघडलं. पडद्यावर सोनाबाई आल्या... पाठमोऱ्या.

मला वाटलं, हा दुसरा प्रसंग असेल. नव्हता. तेच दार, तीच कळशी. त्या उलट्या पावलांनी दारातून पुढं येत होत्या. नायक त्यांच्या डोळ्यांत बघून हसत होता, सासू त्यांच्या तोंडावर बोट नाचवत होती, आणि आमच्याकडं फक्त पाठ. विहिरीवर पाठ, देवळात पाठ. शेवटी पडदाभर चेहरा दाखवलेली जागा आली, तिथं पडदाभर अंबाडा! त्यातलं फूल थरथरत होतं. मशीनच्या खडखडीखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

"बसाण्णा, रीळ उलटं लावलंस काय?"

"उलटं लावलं तर डावं-उजवं बदलंल, अण्णा. माणूस कसा वळंल?" त्यानं पडद्याकडं बोट केलं. "आन् बाकीची समदी सरळ हायत की."

सकाळी मी रीळ उन्हात धरून पाहिलं. बारीक बारीक चौकटी, प्रत्येकीत अंबाडा. रिळाची पेटी रात्रभर बसाण्णाच्या खाटेखाली होती, कुलपात. दुसरी प्रत या मुलखात आहे असं तंबूवाल्यानंही ऐकलेलं नाही. पत्रकं लिहिणाऱ्याकडं उत्तर नाही, हे मी इथं छापून देतोय.

सोनाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी समोरच बघायची रं. मान जरा वळली तरी डायरेक्टर वरडायचा." मग चुलीकडं वळून म्हणाल्या, "दोनदा कोण तोंड दाखवंल?"

मी इंदूला सांगितलं, आई तुझ्यासारखीच दिसत होती, अगदी तुझेच डोळे. ती म्हणाली,

"अण्णा, तुमी आमच्या बाजूचं. तुमी चांगलंच सांगणार. बसाण्णा बी तसलाच. जे हसलं, त्यांनी सांगू दे. त्यांना काय आमची कणव न्हाय, ते खोटं कशाला बोलतील?"

म्हणून हे लिहिलं. त्या खेळाला बसलेल्यांनो, मी तुमची नावं देत नाही, पण तुम्ही हे सदर वाचता हे मला ठाऊक आहे. हसायला आधी बघावं लागतं. तुम्ही पाहिलंय. सोनाबाई वखारीच्या मागल्या आळीत राहतात, कुणीही घर दाखवील. माफीचं भाषण नको, हारतुरे नकोत. या, इंदूसमोर बसा, आणि तिची आई दिसायला कशी होती ते तिला सांगा.