मापाचं बोट

काटेवाल्यांच्या फोटोंत कधी आभाळ नसे, नदी नसे, माणसाचं तोंड तर नसेच. असे तो बाभळीच्या डिंकाचा थेंब, सापाची कात, नाहीतर मुंगळ्यानं ओढत नेलेला पंख. आणि त्याच्या शेजारी एका बाईचं बोट, त्यात चांदीचं वेढं.

पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला हिंगणघाटात माझा लहानसा स्टुडिओ होता. हे गृहस्थ एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर बसत, म्हणून गाव त्यांना काटेवाले म्हणे. कापसाची बैलबंडी काट्यावर चढायच्या आधीच ते वजन सांगत, आणि फरक पडला तर संशय काट्यावर घेत. रविवारी मात्र जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बायकोबरोबर वेणा नदीच्या काठानं हिंडत. जवळचं टिपता यावं म्हणून त्यांनी कॅमेऱ्यापुढे चाळिशीची काच बसवली होती, आणि अंतर मोजायला खिशात गाठी मारलेली सुतळी असे.

रोल धुवायला माझ्याकडे येई. मी चिडवायचो, "काटेवाले, हे बोट काऊन घालता मंधात? चांगला फोटो नासवता."

"मापाशिवाय वस्तू समजत नाई, भाऊ. कळी केवढी हाये, हे कायच्यावरून कळन?"

"मंग पट्टी ठेवा ना."

"पट्टी भुलून राह्यते घरी. बायको नाई राह्यत."

त्यांची बायको मी कधी पाहिली नव्हती. पण अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तिचं बोट इतक्यांदा उमटलं होतं, की रस्त्यात दिसलं असतं तर ओळखलं असतं. एकदा काटेवाले हसत सांगत होते, "काल म्हने, माह्या तोंडाचाही एक काढा ना. मी म्हनलं, तुह्या तोंडाचं माप मले पाठ हाये." मीही हसलो होतो.

त्या वर्षी श्रावणातला रोल धुताना मला वेढ्याला गुंडाळलेला दोरा दिसला. वेढं ढिलं झालं असेल म्हटलं, आणि पुढचा कागद उचलला. वेढं आपोआप ढिलं होत नसतं, बोट बारीक होतं. एवढं मला तेव्हा सुचायला हवं होतं.

पौषात ती गेली. पोटातलं दुखणं होतं, तिनं ते अंगावर काढलं. नागपूरला नेलं तेव्हा फार उशीर केलात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दहावा उरकून काटेवाले आले. मुंडलेल्या डोक्यावर टोपी, हातात फोटोंचा डबा आणि कॅमेरा. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. घरात एकही नव्हता, लग्नात फोटोवालाच नव्हता.

"एखाद्यात मांगं तोंड आलं असन. पाहा ना, भाऊ."

आम्ही सगळ्या निगेटिव्ह काचेवर धरून पाहिल्या. कुठे पदराचा काठ होता, कुठे मनगट. तोंड नव्हतं. मग सवयीनं त्यांनी वर्षाचे फोटो ऋतूंप्रमाणे टेबलावर मांडले आणि मांडता मांडता त्यांचा हात थांबला. फाल्गुनातल्या पळसाच्या कळीपाशी वेढं बोटात रुतलेलं होतं. श्रावणात त्याला दोरा होता. कार्तिकात, फुटलेल्या बोंडापाशी, ते अंगठ्यात आलं होतं. मार्गशीर्षात ज्वारीच्या पात्यावर दव होतं आणि शेजारच्या बोटात वेढंच नव्हतं.

"मापच घटून राह्यलं होतं, भाऊ," ते म्हणाले, "अन् मी कळी पाहून राह्यलो होतो."

मी स्टूल पुढे सरकवला. ते बसले नाहीत. फाल्गुनातला फोटो माझ्यापुढे करून म्हणाले, "हाच मोठा करून द्या."

तेरवीला पाटावर हार घातलेली पळसाची कळी होती. गावाकडून आलेल्या एका म्हाताऱ्या मावशीनं डोळे बारीक करून विचारलं, "यात बाई कुठी हाये?"

काटेवाल्यांनी वाकून दाखवलं. दाखवायला ठेवलेलं आपलं बोट त्यांनी बराच वेळ तिच्या बोटाजवळून उचललं नाही.

त्यानंतर त्यांनी रोल आणला नाही. त्या दिवशी आणलेला कॅमेरा माझ्याकडेच पडून राहिला, आतल्या रोलात चार फोटो काढायचे शिल्लक होते. पुढची दहा-बारा वर्षं ते स्टुडिओवरून काट्यावर जात. हात करत. मीही करायचो. त्यांना वाटे, आपल्याला एकट्यालाच दिसलं नाही. तो दोरा मी श्रावणातच पाहिला होता, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.