झेल्फाबाईंचा गव्हावरचा पलंग

झेल्फाबाई जॉर्गेनसनचा पलंग गव्हावर उभा होता. खोटं वाटेल, पण आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, वाईट दिवस सांगून येत नाहीत, वर्षभराचं धान्य घरात ठेवा. युटातल्या आमच्या खोऱ्यात सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. बाईंनी मात्र गव्हाचे इतके सीलबंद डबे आणले की ठेवायला जागा उरेना. शेवटी पलंगाचे पाय कापले आणि फळी डब्यांवर टाकली. घरी येणाऱ्याला आधी पलंग दाखवायच्या, मग पाणी विचारायच्या.

पुढे कोळशाची खाण बंद पडली आणि निम्मं गाव घरी बसलं. बाई चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. कुणाकडे काय संपलंय त्याची यादी त्या करायच्या, बिशप सही करायचे आणि चर्चच्या कोठारातून सामान यायचं. बिशप म्हणजे आमचा पंप दुरुस्त करणारा रूलन मॉर्टेनसन. बिशपपणाची त्याला दमडी मिळत नाही. कुणी लाजलं की बाई झापायच्या, तुम्ही घेतलं नाही तर देणाऱ्यानं द्यायचं कुणाला? वर पलंगाखालचा एक डबा त्याच्या हातात कोंबायच्या.

खाणीकडून मिळणारी नवऱ्यामागची पेन्शनही थांबली होती. ते मात्र बाईंनी कुणाला कळू दिलं नाही. यादीत सगळं गाव होतं, त्या नव्हत्या.

मंडळाच्या रिवाजाप्रमाणे शेजारची आर्विला बॅगली महिन्याची विचारपूस करायला आली आणि पलंगावर टेकली. एरवी तिथे पाय लोंबकळायचे. आज गुडघे हनुवटीला लागले. आर्विला महाबिलंदर. न विचारता तिनं फडताळ उघडलं. आत पीचची एक बरणी होती, तीही अर्धी. ती तडक बिशपकडे गेली.

शनिवारी दोघं गाडीभर डबे घेऊन आले. बाईंनी झाकणं पाहिली. अक्षर त्यांचंच, सील जसंच्या तसं.

"उघडलेसुद्धा नाहीत?"

"दळायचं जातं गावात फक्त तुमच्याकडे," आर्विला म्हणाली. "आम्ही काय अख्खे गहू चघळायचे?"

"मग घेतलेत कशाला?"

"घेतले नसते तर तुम्ही रुसला असता."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. सगळं गाव आपण जगवतोय, या समजुतीवर बिचारीनं उपासमार काढली होती. रूलननं यादी पुढे केली. एक नाव राहिलंय म्हणाला.

"आणि मी नाही घेतलं तर?"

"मग आम्ही रुसू."

बाईंनी नाव लिहिलं, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. उठायला गेल्या तर पलंग इतका बसका की उठवेना. रूलननं हात पुढे केला. बाईंनी जरा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि धरला.

डबे परत पलंगाखाली गेले नाहीत. रोज सकाळी आर्विला येते, बाईंना हात देऊन उठवते आणि दोघी गावाचं पीठ दळायला बसतात.