सव्वीस इंची कलर

टीव्हीच्या दुकानात नोकरी केली की घरी टीव्ही साठत नाहीत, गिऱ्हाइकं साठतात. परभणीला स्टेशन रोडवर मन्मथआप्पांच्या दुकानात मी नऊ वर्षं सेल्समन होतो. दुकान केव्हाच बंद झालं. पण अजूनही जुनं कुणी लग्नात भेटलं की पंगत उठेपर्यंत आमचं तेच चालू असतं. एक आठवला की त्याचा हात धरून दुसरा येतो. आणि त्यातले निम्मे किस्से तर एकाच टीव्हीचे!

तो आणला तेव्हा गावात कलर टीव्ही नवलाचा राहिला नव्हता, पण वीस इंचाच्या वर कुणी गेलं नव्हतं. आप्पा औरंगाबादला गेले आणि एकदम सव्वीस इंची घेऊन आले. दोन्ही बाजूंनी स्पीकर, रिमोट, मागं व्हीसीआर आणि व्हिडिओ गेम जोडायच्या जागा. शेजारीच त्यांच्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान. भाऊ खोकं बघून म्हणाले की परभणीत एवढा टीव्ही घेणारा अजून जन्मायचाय. कंपनीच्या एजंटनंही सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत खपला नाही तर नांदेडच्या दुकानाला देऊ. आप्पांना भावाचं बोलणं लागलं नाही, नांदेडचं लागलं.

त्यातून खोकं दुकानाच्या दारातून आत जाईना. आडवं केलं, उभं केलं, शेवटी मेकॅनिक रशीदभाईंनी काचेचं दारच बिजागरीतून काढून ठेवलं. रस्त्यावर ही गर्दी. टीव्ही आत गेला, तेव्हा आप्पा घाम पुसत म्हणाले, "आत आणायला दार काढलं. आता बाहेर काढायला गिऱ्हाईक आणा."

*

टीव्हीची ताकद दाखवायची म्हणून आप्पांनी हैदराबादहून व्हिडिओ गेम मागवला. रणगाडे एकमेकांवर गोळे टाकायचे, असला खेळ. गिऱ्हाइकानं खेळून बघावं हा हेतू. पण गिऱ्हाईक येईपर्यंत आप्पाच खेळायला लागले. पन्नाशीचा माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि दोन्ही हातांत ते खेळणं धरून अंग डावीकडं-उजवीकडं झुकतंय!

एकदा मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले एक वयस्कर आडते टीव्ही बघायला आले. मोठं गिऱ्हाईक. मी आप्पांना दोनदा हाक मारली. पडद्यावरची नजर न काढता आप्पा म्हणाले, "बसा शेटजी. एकदा मरू द्या, मग बोलू."

शेटजी जे उठले ते थेट थोरल्या भावाच्या दुकानात शिरले आणि त्यांना म्हणाले, "आधी डॉक्टरला बोलवा. आप्पांचं काय खरं न्हाई."

*

पाथरीचे एक गुरुजी तीन शनिवार ओळीनं आले. सकाळची शाळा सुटली की एसटीनं यायचे. वहीत प्रश्न लिहून आणलेले. पिक्चर ट्यूब किती वर्षं टिकते, आवाज किती खोल्यांत जातो, सगळं त्यांनी विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. तिसऱ्या शनिवारी गाडी रिमोटवर आली. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की गुरुजी, आता उठायचं कामच नाही, बसल्या जागी सगळं.

गुरुजींनी पेन टोपणात घातलं. म्हणाले, "घरात तीन पोरं हायत. मी सांगितलेलं तेवढं एकच काम ऐकतेत, उठून टीव्हीचा आवाज कमी करायचं. तेबी तुमी काढून घेता?"

बिनरिमोटचा वीस इंची घेऊन गेले.

*

झरीचे एक बागायतदार लाल कंधारी बैलांचे मोठे शौकीन. प्रदर्शनात बक्षिसं मिळवलेली जनावरं त्यांच्या दावणीला. ते आले तेव्हा नेमका शेतीचा कार्यक्रम चालू होता आणि पडद्यावर लाल कंधारी बैल उभा! आप्पांनी मला डोळ्यानं खुणावलं, आता टीव्ही खपलाच म्हणून.

बागायतदार पडद्यापाशी वाकले. बराच वेळ बघितलं आणि रंग चुकलाय म्हणाले. लाल कंधारी एवढा भडक नसतो. रशीदभाईंनी रंग उतरवला. तर आता फिका झाला. थोडा चढवला, तर तपकिरी दिसायला लागला. असं करता करता एकदाचा बैल त्यांच्या मनासारखा झाला, आणि तेवढ्यात बैल जाऊन बातम्या लागल्या. बातम्या देणारी बाई पार हिरवीगार!

रशीदभाई घाईनं बटणाकडं गेले, तर बागायतदारांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या मेकॅनिकसाब. माणसं कशीबी दिसू द्यात. बैल बराबर दिसायलाय ना?"

घ्यायचा मात्र पुढच्या बाजाराला ठरवू म्हणाले, आणि पुढचा बाजार काही आला नाही. पुढं महिनाभर आमच्या दुकानातली सगळी माणसं हिरवी दिसत होती, कारण ते परत आले तर काय, म्हणून आप्पा बटणाला हात लावू देईनात.

*

क्रिकेटच्या मॅचला तर रस्ता बंद व्हायचा. एकदा शेवटची तीन षटकं राहिली होती आणि स्टेशनकडून वरात आली. घोड्यावरच्या नवरदेवाला वरून आमचा पडदा सगळ्यांत चांगला दिसत होता. त्यानं घोडा थांबवला. मग बँडवाल्यांना खूण करून वाजवणं थांबवलं, कारण कॉमेंटरी ऐकू येईना.

मांडवातून नवरीचे मामा तावातावानं आले. मुहूर्त टळायलाय, पावणे खोळंबलेत, असं बरंच काही बोलत ते घोड्यापर्यंत पोचले आणि बोलता बोलता त्यांची मान दुकानाकडं वळली. पाच मिनिटं गेली. शेवटी नवरदेवच घाबरून म्हणाला, "मामा, मुहूर्त?"

मामा पडद्याकडं बघतच म्हणाले, "अक्षतांची पिशवी माझ्याच खिशात हाय. माझ्याबिगर लागतंय व्हय लग्न?"

*

दिवाळीला आठ दिवस राहिले. एजंट येऊन खोकं जपून ठेवलंय का विचारून गेला. त्या दिवशी आप्पांनी रणगाड्यांना हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडगावचा दिगंबर जीप करून आला. बरोबर बायको, तीन लेकरं आणि त्याची आई राधाबाई. दिगंबरला पिक्चरचं वेड. टीव्ही बघताक्षणी त्याच्या मनात भरला, ते तोंडावर दिसत होतं. पण घरात शब्द आईचा. आम्ही राधाबाईंना समोर खुर्ची दिली आणि जेवढं होतं तेवढं सगळं दाखवलं. व्हीसीआरवर हाणामारीचा पिक्चर लावला, गाणी लावली. दोन्ही स्पीकर असे सोडले की शेजारून कापडाची गिऱ्हाइकं बघायला आली. लेकरांनी तर गेमवर दुकान डोक्यावर घेतलं. रशीदभाईंनी आप्पांना न विचारता माणसांचा रंगसुद्धा माणसांसारखा करून टाकला.

राधाबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पदर सावरून त्या म्हणाल्या, "आता बंद कर."

आप्पांनी मान खाली घातली. मी बंद केला.

"आमच्याकडं लाईट किती येळ असती ते दिगंबरला इचारा," राधाबाई म्हणाल्या. "घरात हा जास्ती बंदच ऱ्हायचाय. बंद असल्यावर कसा दिसतो ते बघू द्या."

त्या उठून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. काळसर काचेत त्यांचं नऊवारीतलं अंग दिसायला लागलं. त्यांनी सुनेला बोलावलं, ती शेजारी आली. लेकरं पुढं बसवली. दिगंबर हसत हसत येऊन कडेला उभा राहिला. राधाबाईंनी काचेत एकेकावर बोट ठेवलं.

"दिगंबर, जरा तिकडं सरक. उत्तमला जागा ठेव."

उत्तम म्हणजे दिगंबरचा धाकटा भाऊ. वाटणीवरून दोघांचं भांडण झालं आणि तो पुण्याला निघून गेला, त्याला तीन दिवाळ्या झाल्या होत्या. दिगंबरचं हसू थांबलं. मग तो एक पाऊल बाजूला सरकला.

राधाबाईंनी काचेतल्या त्या मोकळ्या जागेकडं नीट बघून घेतलं.

"मावतेत सगळे," त्या म्हणाल्या. "हाच घे."