झाकणातला आकडा

आज विहिरीवरची मोटर जळाली. वार्निशच्या करपट वासानं उमरखेडचे रफिकभाई आठवले. मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरावी तर त्यांनीच. इराकातली लढाई संपल्यावर तिथं कारागिरांना मागणी आली आणि ते निघाले. जायच्या आदल्या दुपारी शेतात येऊन त्यांनी मोटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं तारेच्या वेढ्यांचा आकडा कोरला.

"आता मले शोधायचं काम नाही, भाऊ. हे पाहून कोणीबी भरून देईन."

मला ते पटलं होतं. पुढे त्यांनी शिकवलेले तिघंही त्यांच्यामागे गेले; उमरखेडात हे काम येणारं दुसरं कोणी नव्हतं. तिकडचे पंप चालू झाले, इथं चौघांची पक्की घरं उभी राहिली.

झाकण उघडलं. आकडा अजून साफ वाचता येतो. मोटर नांदेडच्या एसटीत चढवली.