मेश्राम वकीलबाई आणि सात अंगठे

मेश्राम वकीलबाईंकडे कोणीही गेलं की त्या आधी त्याची चूक विचारायच्या. मलाही तेच. "समोरच्याची तू सांगशीलच, वं. तुयी कोणती ते सांग."

मी भडकले. मी न्याय मागायला गेले होते, कबुलीजबाब द्यायला नाही. माझी काहीच चूक नाही, असं ठणकावून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

प्रकरण असं. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमधलं मुलांचं मैदान वाचवायला मी अर्ज फिरवला होता. मागच्या वस्तीतल्या, आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या सात बायांनी त्यावर अंगठे दिले. त्यांची पोरंही तिथंच खेळतात. लेआउटच्या समितीच्या अध्यक्षांना तिथं लग्नाचं लॉन हवं होतं. त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की ते सातही अंगठे मी स्वतःचेच मारले. माझ्या शिकवणीची पंधरा मुलं आठवड्यात सहावर आली. आई भाजीला दूरच्या चौकात जाऊ लागली. फोन वाजला की मी तो उशीखाली सारायचे.

बाई मूळच्या खाप्याच्या. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल. अध्यक्षाला जेलमध्ये टाका, मी म्हटलं तर म्हणाल्या, फौजदारी तक्रार करता येते, दिवाणी दावाही लावता येतो, पण दोन्हींत चपला झिजतात, आधी नोटीस. मेसेज पुसू नको, फोन बदलू नको, तारीख आणि नंबर दिसेल असे फोटो काढ, आणि 'मी हे वाचलं' असं सांगणारी माणसं आण. एवढ्या मोठ्या ग्रुपमधून मला दोन मिळाली. बाकीचे मान वळवून गेट लावत होते.

मी नऊ पानांचा मजकूर लिहून नेला. बाईंनी त्याचं एक पान केलं. "नराधम काहून लिहून राहिली? हे पत्रक नाही. त्यानं जे म्हटलं तेच लिही, त्याच्याच शब्दात."

नोटीस गेली. पंधरा दिवसांची मुदत होती. बाराव्या दिवशी उत्तर आलं, आणि सोबत माझंच पत्रक जोडलेलं. हो, छापलं होतं मी. बाईंकडे जाण्याआधी, रागाच्या भरात, इतवारीच्या बाजारात छापून घरोघरी टाकलं होतं: अध्यक्षांचं नाव आणि खाली जाड अक्षरात 'मैदानचोर'. पुरावा शून्य. आता अध्यक्षच माझ्यावर अब्रूनुकसानीची केस टाकणार होते.

मी ते सगळं बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत. पत्रक वाचून घडी घातली. "तुले वाटलं, आपलं खरं आहे तर आपल्याले काहीबी म्हणता येते. त्यालेबी तसंच वाटते."

दोन्ही वकिलांचं बोलणं झालं. अध्यक्ष ग्रुपवर माफी मागणार, मी पत्रकाबद्दल खेद लिहून देणार. त्यांच्या माफीचा मसुदा आला. माझं नाव होतं, आरोप मागे घेतला होता. मी सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी तो परत पाठवला.

मी घाबरले. माणूस फिरला तर? घेऊन टाका ना बाई, म्हणून मागे लागले. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "तुयी अब्रू गेली म्हणून रडून राहिली. त्या सातजणींचे अंगठे खोटे म्हटले त्यानं. त्याईले अब्रू नाही का?"

मी, जी दर पत्रकात 'कष्टकरी' लिहिते, तिला हे सुचलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी ग्रुपवर माफी आली, सातजणींच्या पूर्ण नावांसकट. मीही माझा खेद घरोघरी वाटला. दोन दारं तोंडावर आपटली. शिकवणीची सगळी मुलं काही परतली नाहीत. बाई या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्याशी शेवटचं नीट बोलणंही झालं नाही.

पण माफी आली त्या दिवशी त्यांनीच मला वस्तीत पिटाळलं होतं. सातजणींतल्या शांताबाईच्या ओट्यावर बसून मी फोनवरून वाचून दाखवलं. अध्यक्षांच्या त्या पहिल्या मेसेजनंतर दोन घरांनी तिला कामावरून काढलं होतं, हे मला तिथं कळलं. इतके दिवस मी विचारलंच नव्हतं.

"मायं नाव हाये त्याच्यात? पूरं?" तिनं विचारलं.

आहे, म्हटलं.

तिनं शेजारच्या दोघींना हाक मारली, पदर सावरून बसली आणि म्हणाली, "आता वाच. जोरात वाच."