बिनफवाऱ्याच्या ओळी

शी! वांग्याचा शेंडा चिरला की आतून जी गुलाबी अळी वळवळत निघती, ती बघून मला आजबी मळमळतं. आन् रोज शेंडे चिरून अळ्या मोजायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात! मुठा गावातल्या आमच्या अर्ध्या एकरात किडीवर संशोधन करणाऱ्या अनुष्कामॅडमनी प्रयोग लावला व्हता.

औषध निराळंच. मॅडम म्हणायच्या, "रेश्माताई, हे विष नाही, आरएनए आहे. अळीच्या अंगात कामाचे निरोप फिरतात, त्यातला एकच आपण अडवायचा. हे पोटात गेलं की तिची वाढ खुंटते, हळूहळू मरते. मधमाशीला काही होत नाही." निम्म्या ओळींना फवारा, निम्म्या तशाच. तितं कीड पडू द्यायची, हात लावायचा न्हाई. त्याबिगार फरक कसा कळणार?

खुरपायला माझ्या सासूबाई, धोंडाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. दुसऱ्याच्या बांधावर किडकं वांगं दिसलं तरी टाचंखाली चिरडतील, अशी बाई. मॅडमचं सगळं ऐकून "व्हय, व्हय" म्हणाल्या.

तीन फवारे झाले. मोजलं, तर दोन्हीकडं सारखंच. अळी औषधालाबी न्हाई! पुण्याहून मॅडमचे मोठे साहेब आले, निरंजनसाहेब. नाक मुरडून म्हणाले, "फवारलं काय, नाही फवारलं काय, एकच. बंद करा हे." तीन वर्षं राबली व्हती ती पोर. तोंड एवढंसं झालं तिचं.

मी हात धुवायला हौदामागं गेले. तितं खड्डा, आन् खड्ड्यात कुजलेल्या शेंड्यांचा काळा, चिकट ढीग, अळ्यांनी बुजबुजलेला. वासानं मला भडभडून उलटी झाली. आत्याबाई वर माती लोटत व्हत्या.

"हे कुटलं वो?"

"बिनफवाऱ्याचं. रोज खुडते. असली घाण आपल्या वावरात पोसायची? घास जात न्हाई मला."

"आवो आत्याबाई, वाटोळं केलंत त्या पोरीचं!" मी वरडलेच. इतका राग त्यांचा मला कधी आला नव्हता.

आत्याबाई पदराला हात पुसत तडक साहेबांच्या गाडीपाशी गेल्या. "साहेब, थांबा. औषधाला नावं ठेवू नका. तिकडची कीड मी खुडली." हाताला धरून त्यांनी साहेबांना खड्डा दावला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पर आणखी एक हंगाम दिला.

मॅडम म्हणाल्या, "आता कीड आपोआप पडायची वाट बघायची नाही. अळ्या आपणच सोडायच्या, ब्रशनं, एकेका शेंड्यावर."

"माजं मी निस्तरते," आत्याबाई म्हणाल्या.

डबीत केसाएवढ्या अळ्या. दर झाडामागं आत्याबाई थुंकायच्या. एकदा बांधावर जाऊन ओकल्या, चूळ भरली, परत आल्या.

"द्या हिकडं, मी करते."

"नगं. तू मोज." त्यांनी ब्रश शेंड्याला टेकवला. अळी आत शिरंस्तवर तोंड न फिरवता बघत राहिल्या आन् दात खाऊन म्हणाल्या, "खा, भवाने. पोटभर खा."